तलवारवाल्याची पाळी

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं त्याला चार महिने झाले होते, तेव्हा तो खेळ माझ्याकडे तपासायला आला. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करायचे. कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात यायच्या आधी खेळून बघायचे, कुठं अडकतात ते शोधायचं आणि शेवटी अहवाल लिहायचा. अहवालाचे दोन मथळे ठरलेले असायचे, काय चांगलं आहे आणि काय कमी आहे. गावात कुणी विचारलं तर आई सांगायची, "कम्प्युटरवर काम करती." त्यापुढं कुणी विचारत नसे.

आमचं घर उत्रोलीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते भोर डेपोत ड्रायव्हर होते आणि नोकरीची शेवटची कित्येक वर्षं वेल्ह्याच्या गाडीवर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. श्रावणातल्या एका सकाळी दारात बसून चप्पल घालताना ते एका बाजूला कलले. आधी भोरला नेलं, मग पुण्याला. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय चालत नव्हता. बोलणंही गेलं होतं. सगळ्या बोलण्यातून दोन शब्द तेवढे उरले होते, "जाऊ दे."

गाडी सुटताना कंडक्टर मागून ओरडतो ते हे शब्द. आयुष्यभर कानावर पडलेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सवयीचं काहीतरी मागं राहतं. अण्णांना चहा हवा असला की ते "जाऊ दे" म्हणायचे. लघवीला जायचं असलं तरी तेच आणि चिडले तरी तेच. आम्ही सुरावरून ओळखायला शिकलो. ओळखण्यात चुकलो की ते डोळे मिटून घ्यायचे.

मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका आईला सांगायच्या, "पोरगी धीराची हाय तुमची." तो धीर नव्हता. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, जीभ लावली तर काहीतरी आहे एवढंच कळतं, तसं मला आतून झालं होतं. मी वेळेवर जेवायचे, गोळ्या द्यायचे, चादरी बदलायचे. भाताची लावणी चुलत्यांनी केली, कापणीही त्यांनीच केली. अंगणात पेंढा येऊन पडला तेव्हा मला कळलं की हंगाम संपला.

घरात इंटरनेटला रेंज एकाच खोलीत येते, पुढच्या खिडकीजवळ. अण्णांची खाट त्याच खोलीत होती. त्यामुळं मी खेळत असले की मोठा पडदा त्यांच्यासमोर असायचा. आधीचे खेळ गाड्यांचे नाहीतर गोळीबाराचे होते. ते सुरू झाले की अण्णा भिंतीकडं मान करायचे.

हा खेळ वेगळा होता. जादूच्या देशातली गोष्ट. चार जण राक्षसांच्या राजाला मारायला निघालेत, एक तलवारवाला, एक जादूगारीण, एक तिरंदाज बाई आणि एक म्हातारा वैदू. चालता चालता वाटेत शत्रू भेटतात. मग हे चौघं एका ओळीत उभे राहतात, समोर शत्रू एका ओळीत उभे राहतात आणि पाळीपाळीनं मारामारी होते. आपल्यातल्या एकानं वार केला की त्यांच्यातला एक करतो. आपली पाळी असताना काय करायचं ते आपण निवडायचं, वार, जादू, औषध किंवा नुसती ढाल धरणं. आपण निवडत नाही तोवर समोरचे जागच्या जागी डुलत राहतात.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मारामारीच्या मध्येच उठून चहा टाकायला गेले. परत आले तर अण्णा पडद्याकडं बघत होते. बेडकासारखे तीन राक्षस डुलत उभे होते.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. सूर प्रश्नाचा होता. डावा हात त्यांनी बेडकांकडं केला.

"त्यांची पाळी न्हाई, अण्णा. आपली हाय. आपण काय करीत न्हाई तवर ते नुसते उभे राहणार."

ते बराच वेळ बघत राहिले. मी चहा पाजला. बेडूक तसेच उभे.

दोन्ही हातांत धरून खेळायचा, बटणांचा कंट्रोलर मी त्यांच्या डाव्या हातात ठेवला. अशा कंट्रोलरवर बाणांची बटणं डावीकडं असतात, पण निवड पक्की करायचं बटण उजवीकडं असतं, अण्णांचा हात पोचणार नाही असं. खेळाच्या सेटिंगमध्ये बटणं बदलता येत होती. मी पक्कं करायचं काम डाव्या बोटाखालच्या बटणाला दिलं. अहवालाच्या पहिल्या मथळ्याखाली मी लिहिलेली पहिली ओळ हीच होती, सगळा खेळ एका हातानं खेळता येतो.

ती मारामारी संपायला चाळीस मिनिटं लागली. मला दोन मिनिटं लागली असती. अण्णा बाण दाबायचे, एकाऐवजी दोन घरं पुढं जायचे, परत मागं यायचे. कधी बोट बटणावर ठेवूनच राहायचं. एकदा त्यांनी औषध बेडकाला पाजलं. मला त्यांना अडवावंसं वाटलं नाही. तिसरा बेडूक पडला तेव्हा त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. आई दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं?"

"जिंकलं," मी म्हणाले.

"बरं," आई म्हणाली आणि म्हशीकडं गेली.

त्या दिवसांत अण्णांना सगळेच घाई करायचे. व्यायाम घ्यायला भोरहून एक बाई स्कूटरवर यायच्या. चांगल्या होत्या, पण त्यांना पुढची घरं गाठायची असायची. "काका, उचला, उचला, चला, पटकन" असं म्हणत त्या दहा आकडे मोजायच्या आणि सातालाच हात स्वतः वर करायच्या. भेटायला आलेले लोक अण्णांनी तोंड उघडलं की त्यांचं वाक्य आपणच पुरं करायचे. मीही करत होते. तो खेळ करत नव्हता.

मग रोज जेवण झाल्यावर दोन-अडीच तास अण्णा खेळू लागले. शेजारी बसून मी टिपणं काढायचे. कंपनीला खेळणारा कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. नकाशावर फिरताना अण्णा फक्त रस्त्यानं जायचे. रानातून आडवं गेलं तर निम्मा वेळ वाचायचा, पण त्यांनी कधी चौघांना रस्त्याखाली उतरवलं नाही. वाटेतल्या प्रत्येक गावात ते थांबायचे, काम नसलं तरी.

गावातली माणसं हा खेळाचा मोठा कच्चा भाग होता. प्रत्येकाला एकच वाक्य दिलेलं. विहिरीवरची बाई म्हणायची, उत्तरेकडं जाऊ नका. दहा वेळा गेलं तरी तेच. राक्षसाला मारून आलं तरी तेच. मी ते आईला मराठीत सांगत होते. आई तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "ह्यांच्यावानीच की. एकच वाक्य." ती हसली नाही आणि अण्णाही हसले नाहीत. वाईट कुणालाच वाटलं नाही. खोलीत तेव्हा तसंच होतं.

आईचीही मतं होती. जादूगारीण बर्फाच्या डोंगरावर तोकड्या कपड्यांत चालायची. आई म्हणाली, "थंडी वाजंल की तिला. त्या म्हाताऱ्याला बघ कसा घोंगडं दिलंय." दर दहा पावलांवर शत्रू यायचे, तेच ते, त्याच संगीतावर. राक्षसांच्या राजाचं मुळात कुणाशी काय वाकडं होतं ते कुणी सांगत नव्हतं. अक्षरं बारीक आणि फिकट पिवळ्यावर पांढरी. हे सगळं मी दुसऱ्या मथळ्याखाली लिहीत गेले.

पौषात खेळातल्या एका गुहेत कोळी भेटले. मोठे, निळे. एका कोळ्यानं तलवारवाल्याला डंख मारला. तलवारवाला राखाडी झाला, त्याच्या डोक्यावर एक खूण आली आणि त्याची पाळी आली तशी आपोआप पुढं गेली. पुढच्या फेरीतही तसंच झालं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तलवारवाला त्यांचा होता. म्हणजे त्यांनी तसं बोट ठेवून दाखवलं होतं, हा मी.

जे होतं तेच मी सांगितलं. "त्याला हलता येत न्हाई. त्याची पाळी तशीच जाणार."

आई चुलीकडनं आली होती. पडद्याकडं बघून म्हणाली, "ह्येच्याबी अंगावरनं वारं गेलं व्हय?"

"व्हय. पण औषध हाय पिशवीत. हिरवी बाटली. पाजली की लगीच उठतो."

"लगीच?"

"लगीच."

अण्णांनी पिशवी उघडली. हिरव्या बाटल्या सहा होत्या. त्यांचं बोट पहिल्या बाटलीवर जाऊन थांबलं. मी वाट बघितली. आईही उभी राहिली. मग त्यांनी पिशवी मिटली आणि कंट्रोलर खाटेवर ठेवून दिला.

तीन दिवस त्यांनी खेळाला हात लावला नाही. मी माझं काम उरकायला बसले की ते भिंतीकडं वळायचे. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी डावा हात पुढं केला. मी कंट्रोलर दिला. गुहेतली मारामारी जिथं सोडली होती तिथून सुरू झाली. अण्णांनी जादूगारिणीला वार करायला लावलं, तिरंदाज बाईला लावलं, वैदूला ढाल धरायला लावली. तलवारवाल्याची पाळी आली आणि गेली. बाटली त्यांनी काढली नाही. तिघांच्या बळावर त्यांनी कोळी मारले, त्याला बराच वेळ लागला.

मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मी म्हणाले, "अण्णा, बाटली पाजा ना त्याला. हितं बगा, हिरवी."

"जाऊ दे," ते म्हणाले. हा सूर मला ओळखू आला. आजारपणाच्या आधीही काही नको असलं की ते हे शब्द असेच वापरायचे.

त्यानंतर ते तसंच खेळले. चौघं चालायचे, चौघं ओळीत उभे राहायचे, त्यातला एक राखाडी. तो कुणावर वार करत नव्हता आणि त्याच्यावर वार झाला तर वैदू मलमपट्टी करायचा. मी अहवालासाठी लिहून ठेवलं की एक माणूस लुळा ठेवूनही खेळ पुढं नेता येतो, अवघड जातो पण नेता येतो. हे चांगल्याखाली लिहायचं की कमीखाली ते ठरेना. शेवटी चांगल्याखाली लिहिलं.

असा महिना गेला असेल. अण्णांचे चौघं एका किल्ल्याच्या वेशीपाशी आले. वेशीवर मोठी घंटा आणि घंटेला चार दोर. चौघांनी आपापल्या पाळीला एकेक दोर ओढायचा, चारही ओढले की दार उघडतं. जादूगारिणीनं ओढला. तिरंदाज बाईनं ओढला. वैदूनं ओढला. मग पाळी तलवारवाल्याची आली.

एरवी त्याची पाळी आपोआप पुढं जायची. इथं गेली नाही. खेळानं त्याच्यापुढं दोर ओढण्याची निवडही दिली नाही, कारण तो लुळा. पिशवी उघडू दिली नाही, कारण पाळी त्याची. वरती त्याचं चित्र लुकलुकत राहिलं. तिघं दोर धरून उभे आणि सगळं थांबलेलं.

ही चूक होती हे मला तेव्हाच कळलं. चौथा माणूस लुळा घेऊन कुणी वेशीपर्यंत येईल असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणाले, "अडकलं. बंद करून परत चालू करते."

अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून.

"अण्णा, हे आता हलणार न्हाई. चूक हाय त्यात."

त्यांनी पुन्हा मान हलवली आणि डाव्या हाताचा पंजा माझ्यापुढं आडवा धरला. समोरून गाडी येत असली की ते असा हात करायचे.

आम्ही बसलो. तीन वाजले, चार वाजले. घंटेजवळ वारा सुटल्यासारखा आवाज होता, तो चालू राहिला. आईनं म्हशीची धार काढली, दूध डेअरीला घालून आली. तिनं विचारलं, "अजून तितंच?"

"तितंच."

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. तिघंही आम्ही त्या राखाडी माणसाकडं बघत होतो. मी माझ्या मनात काही हलतंय का ते बघितलं. काही हलत नव्हतं, पण उठून जावंसंही वाटत नव्हतं. अंधार पडायला लागला तशी आईनं दिवा लावला आणि अण्णांना म्हणाली, "गोळीची वेळ झाली. ऱ्हाऊ द्या त्याला तसंच." अण्णांनी कंट्रोलर सोडला. मी पडद्याचा फोटो काढून घेतला आणि खेळ बंद केला.

चूक सापडली की ती कळवायची, त्याचेच तर मला पैसे मिळायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं लिहून पाठवलं. दुपारी आमच्या कामाचा प्रमुख होता त्याचा पुण्याहून फोन आला. माझ्याहून लहान होता, पण अरेतुरे करायचा.

"मस्त पकडलंस. पण असं खेळायचं सुचलं कसं तुला? कुणीच असं खेळत नाही."

"सुचलं," मी म्हणाले.

"दुरुस्त होईल. सोपं आहे ते."

चार दिवसांनी दुरुस्त केलेला खेळ आला. त्यांनी काय केलं होतं, तर वेशीच्या अलीकडं एक झरा ठेवला होता. चौघं झऱ्यापाशी पोचले की आपोआप बरे व्हायचे. लुळेपणा, विषबाधा, आंधळेपणा, सगळं. ते पाणी प्यायचं की नाही हे खेळ विचारत नव्हता. झऱ्याला टाळून वेशीकडं जायला वाट नव्हती.

मला ते आधी माहीत होतं. दुरुस्तीचं पत्र मी वाचलं होतं. तरी मी अण्णांना सांगितलं नाही. का, ते माझं मलाही सांगता येणार नाही. कदाचित बघायचं होतं.

अण्णांचे चौघं झऱ्यापाशी आले. पडदा निळा झाला, एक गोड सूर वाजला आणि तलवारवाला रंगीत होऊन उभा राहिला. तलवार त्यानं एकदा डोक्यावर फिरवली. महिन्याभरात अण्णांनी त्याला तलवार उचलताना बघितलं नव्हतं.

अण्णांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला. टाकला नाही, नीट दिला. मग भिंतीकडं वळले.

संध्याकाळी आईनं मला परसदारी विचारलं, "त्यो तरवारवाला उठला म्हणं?"

"उठला."

"मग ह्यांनी का सोडलं?"

"म्हाईत न्हाई."

"उठला तर बरंच झालं की," आई म्हणाली. तिनं हातातलं पातेलं घासून पालथं ठेवलं. "मला तर बरं वाटलं असतं."

पुढचं मीच खेळले. दोर ओढले, दार उघडलं, राक्षसांचा राजा मारला. त्याला मारल्यावर भलीमोठी नावांची यादी येते, गाणं वाजतं, आणि मग खेळ आपल्याला पुन्हा राजाच्या दाराबाहेर आणून ठेवतो. राजा आत जिवंतच. हे मी दुसऱ्या मथळ्याखाली शेवटचं लिहिलं. अहवाल सात पानांचा झाला. चांगल्याखाली तीन पानं, कमीखाली चार. झऱ्याबद्दल मी एकच ओळ लिहिली, की ही दुरुस्ती मला पटली नाही, आधी विचारायला हवं. त्यावर कुणी काही कळवलं नाही. खेळ बाजारात आला तेव्हा झरा तसाच होता. लोकांनी त्यावर लिहिलेलं मी वाचलं. चित्रं सुंदर आहेत, गोष्ट जुनीच आहे, फार सावकाश चालतो. तिन्ही खरं होतं.

उन्हाळ्यात अण्णा चार पायांच्या काठीवर अंगणापर्यंत येऊ लागले. बोलणं हळूहळू आलं, एक शब्द मग दुसरा. पहिला नवा शब्द "मीठ" होता. आमटीला नव्हतं. आता तीस-चाळीस शब्द आहेत आणि छोटी वाक्यं जुळवतात. उजवा हात आला नाही. तो येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि अण्णांनी ते मान हलवून ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात त्यांना घेऊन एसटीनं वेल्ह्याला गेले होते. त्यांच्या एका जुन्या कंडक्टरच्या घरी वास्तुशांत होती. परत येताना नसरापूरच्या पुढं गाडी रिकामी झाली. मी त्यांना विचारलं, "अण्णा, त्या तलवारवाल्याला तुमी औषध का दिलं न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागतो. मी थांबले.

"कुठला... तलवारवाला?"

"खेळातला. कॉम्प्युटरवरचा. तुमी खेळायचात ना, दुपारी."

ते विचार करत होते. खिडकीतून बाहेर बघितलं, पुन्हा माझ्याकडं.

"आठवत... न्हाई," ते म्हणाले.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आजारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांतलं पुष्कळसं पुसलं गेलं असणार. आईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, बरंच झालं. मला बरं वाटलं की वाईट हे अजून कळलेलं नाही. वेशीपाशी अडकलो त्या दुपारच्या आवाजाचं एक छोटं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, खेळातल्या चुकीचा पुरावा म्हणून केलेलं. त्यात घंटेजवळचा वारा आहे, मध्येच म्हैस ओरडते आणि आई दूध घालून आल्यावर विचारते, अजून तितंच? सध्या मी शेतीच्या एका खेळाचं काम करते आहे. त्यात भात एका रात्रीत पिकतं. अण्णांना दाखवलं तर त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "खोटं." मी ते कमीखाली लिहिलं.